किचनमध्ये वाजत आहे

मंगळवार, ६ फेब्रुवारी. दुपारी चार वाजून वीस मिनिटं.

माझं गाणं तोडलं! अगदी मधूनच. ऑर्गन वर वर चढत होता, आता उतरणार, कप तोंडाशी नेलेला – आणि खट्. शांतता. फोन उचलून बघते तर गाण्याच्या ॲपवर हिरवी पट्टी : ‘आता दुसरीकडे वाजत आहे – किचन.’

कुणाचं किचन? माझ्या स्वयंपाकघरात आवाज करणारी वस्तू एकच, कुकर. तोही हल्ली एका माणसासाठी कितीदा लावणार? तरी उठून बघून आले. नळावर फडकं वाळत होतं. बस्स.

उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ऑपरेटर म्हणून चिकटले, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. चालू लाइन न विचारता कधी तोडली नाही. पलीकडे कुणी कितीही मोठा माणूस ताटकळत असो, आधी लाइनवर जाऊन विचारायचं – झालं का बोलणं? मग कॉर्ड काढायची. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. आणि या लोकांनी मला विचारलंसुद्धा नाही.

वेळ टिपून ठेवली आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर तारीख आणि तास घालून करा, नाहीतर तिला कुरकुर म्हणतात.

बुधवार, ७ फेब्रुवारी

तक्रार धाडली. सिस्टरांनी घोटून घेतलेली भाषा अजून गंजलेली नाही. ‘खेदपूर्वक निदर्शनास आणणे भाग पडत आहे’ पासून ‘लेखी उत्तराची मुदत सात दिवस’ पर्यंत.

उत्तर लगेच! कप विसळेपर्यंत आलं. ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.’ यंत्राचं उत्तर. मोलाचा असता तर तोडला नसता.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज परत. तीच वेळ, तेच किचन.

वर आगाऊपणा बघा – चोर त्याची गाणी वाजवून जातो आणि ॲपला वाटतं ती माझीच आवड. ‘खास तुमच्यासाठी नवं काही’ म्हणून एक रांग समोर ठेवली आहे. मला काय आवडेल ते यांना कुणी सांगितलं? ह्यांनी माझ्याबरोबर इतका संसार केला, तरी वाढदिवसाला दर वर्षी पिवळी साडी आणायचे. पिवळा मला बघवत नाही. जाईपर्यंत कळलं नाही त्यांना.

बघू तरी म्हणून पहिलं लावलं. नुसती आदळआपट. बंद केलं. दुसरं – कुणी तरणा मुलगा, नाकात गातो. बंद. तिसऱ्यात एक बाई. घोगरा, थकलेला आवाज, भाषा कुठली देव जाणे. मागे ढोलकं इतकं हलकं की कुणी दोन बोटांनी दार वाजवत असावं. आत यावं की नाही ते ठरत नसल्यासारखं.

पुरतं ऐकलं. आवडलं असं नाही. चहा गार झाला.

रविवार, ११ फेब्रुवारी

समोरच्या मॅनेजरांना बोलावलं. बँकेत होते, माझ्याआधी निवृत्त झाले, यंत्रांचं त्यांना कळतं असा त्यांचा समज आहे. खरंच कळतं, पण तोंडावर कबूल करू नये, फार वेळ बसतात.

चार वीसची वाट बघत बसलो. लागलं गाणं. त्यांनी माझ्या फोनवर दाखवलं – तिकडे वाजतंय ते इथे दिसतं. गाण्याचं नाव, आणि खाली एक रेघ पुढे पुढे सरकते. एवढंच नाही, ॲप उघडं असेल तर कुठे वाजवायचं तेसुद्धा दोन्हीकडून ठरवता येतं. म्हणजे मी इथून त्या किचनमध्ये वाजवू शकते, ते किचन माझ्या फोनवर. थोडक्यात स्विचबोर्डच की! एवढं सोपं होतं तर आधी कुणी सांगितलं का नाही?

मग मी ते बाईचं गाणं त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. म्हणाले, “बाई, चोराची आवड चांगली आहे हो.”

पासवर्ड बदलून टाकू का, म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, मुळीच नाही. घुसला तो, आणि कुलूप मी बदलायचं? खातं माझं, चूक कंपनीची. कंपनीनेच त्याला बाहेर काढावं, आणि काढल्याचं मला लेखी कळवावं. मॅनेजर हसले. माझ्या ब्रँचला तुम्ही गिऱ्हाईक नव्हता हे माझं नशीब, म्हणाले.

ते गेल्यावर दुसरी तक्रार लिहिली. ‘माझ्या खात्यातील परक्या इसमास कायमचे बाहेर काढण्यात यावे.’ इसम हा शब्द मला आवडतो. त्यात थोडी पोलीस चौकी आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

भिंगरी आहे.

बुधवार, १४ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही.

काल चार वीसला फोन पुढ्यात ठेवून बसले. घोगऱ्या बाईचंच गाणं लागलं. रेघ सरकत गेली. शेवटच्या टोकाला पोचणार, इतक्यात मागे. पुन्हा पहिल्यापासून. परत टोकाजवळ – परत मागे. गाणं एकदाही संपू दिलं नाही.

असं गाणं ऐकणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आहे, आणि त्याला मी जन्म दिला आहे. लहानपणी टेपरेकॉर्डरपाशी फतकल मारून बसायची. शेवटची ओळ आली की कॅसेट मागे. हे वैतागायचे – अगं, एकदा तरी संपू दे! तर म्हणायची, “संपलं की घर कसंतरी वाटतं.” सारखी गरगरत असायची म्हणून भिंगरी. फक्त टेपपाशी एका जागी.

हे खातं तिनेच काढून दिलं होतं. ह्यांच्या आजारपणात, ह्यांना बरं वाटावं म्हणून. माझ्या नावावर. तिच्या घरी चालू राहिलं असणार. मला कधी कळलं नाही, कारण मी आत्ता आत्ता चारच्या चहाबरोबर ऐकायला लागले. त्याआधी चहाबरोबर बोलायला माणूस होतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

वन्संना फोन केला. ह्यांची थोरली बहीण. भिंगरीची बातमी मला त्यांच्याकडूनच कळते. मी विचारत नाही, त्या आपणहून सांगतात, असा आमचा रिवाज आहे.

आज मीच विचारलं, तिच्या स्वयंपाकघरात गाणी वाजवायचं काही आहे का? आहे ना, म्हणाल्या, खिडकीत डबा आहे काळा. रविवारचीही ड्युटी असते तिला, कामावरून आली की आधी तो लावते, मग चपला काढते.

मी म्हटलं, माझ्या खात्यावर ऐकते. फुकट! कमावती आहे, स्वतःचं घेता येत नाही का तिला?

वन्सं म्हणाल्या, “येतं की. का घेत नाही, ते तू सांग.”

मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध फ्रिजमध्ये होतं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

दोन वर्षं होत आली. हे गेल्यावर तेराव्या दिवशी म्हणाली, आई, घर विकून टाक, माझ्याकडे चल. मी म्हटलं, “मी कुणाच्या घरातलं सामान होणार नाही.” ती म्हणाली, “मग राहा तुझ्या शिस्तीत.” राहिले. तीही तिच्या. बोलणं तिथे तुटलं ते तुटलं. कुणी कुणाला विचारलं नाही, झालं का म्हणून.

माझं म्हणणं बरोबर होतं. आजही आहे. या वयात दुसऱ्याच्या कपाटातला एक कप्पा मिळवून मी काय करू?

पण चार वीसला ती घरी आली एवढं आता कळतं. पुष्कळ आहे.

सोमवार, १९ फेब्रुवारी

नियम मोडते आहे. लाइन जोडून झाली की आपल्या कानाची कळ बंद करायची, दोघांचं बोलणं आपलं नाही – हेही मीच शिकवायचे. एका मुलीला त्यावरून मेमो दिला होता, रडली होती. आणि आता स्वतः रोज बसते त्या रेघेकडे बघत.

ती थांबली की तीच गाणी मी लावते. ढोलकंवाली बाई. एक म्हातारा आहे, तो गातच नाही, श्वास टाकल्यासारखा बासरी वाजवतो. कुठल्या तरी बायकांचा घोळका – एकीने ओळ टाकली की बाकीच्या उचलतात, कपडे धुता धुता गात असाव्यात. काल त्यांच्याबरोबर मी गुणगुणले. शाळेच्या गायनवृंदात मला मागच्या रांगेत उभं करून सिस्टरांनी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून हलवतेच आहे. घरात कुणी नसल्याचा एक फायदा.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

वेडेपणा केला. तिचं गाणं चालू असताना माझा ऑर्गन त्याच्या मागे उभा केला – ‘पुढचं गाणं’ म्हणून एक बटण आहे. माझ्या ऑर्गनला ती लहानपणी मयताचा बँड म्हणायची.

तिचं गाणं टोकाला आलं. आता मागे नेणार. नेलं नाही.

संपू दिलं! मग ऑर्गन सुरू झाला तिच्या किचनमध्ये. आता बंद करेल, आता करेल. रेघ अर्ध्यावर गेली, पाऊण झाली. शेवटपर्यंत. मग काहीच नाही. ती हिरवी पट्टीसुद्धा गेली.

चहा केलाच नाही.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

चार वीस. फोन टेबलावर, ॲप उघडं. किचन गप्प. साडेचार झाले. म्हटलं, झालं, कळलं तिला आणि उठून गेली. जिच्या आवाजाला कंटाळून दार लावून घेतलं, ती खिडकीतल्या डब्यातून आत आली म्हटल्यावर कोण बसेल?

आणि माझा फोन गायला लागला.

मी हात लावला नव्हता. घंटी नव्हती, गाणं होतं. पट्टीवर लिहिलेलं – ‘या फोनवर वाजत आहे.’ मी कधी न ऐकलेलं. फक्त पियानो, आणि मध्ये मध्ये एवढे मोठे विराम की वाटावं बिघडला. तिने तिकडून लावलं होतं. इकडे, माझ्या टेबलावर.

संपेपर्यंत बसले. मग मी बायकांचा घोळका तिच्या किचनमध्ये लावला.

लाइन जोडली गेली. बोललं कुणीच नाही.

शुक्रवार, १ मार्च

आठवडाभर रोज. एक तिचं, एक माझं. एकमेकींना कापत नाही. आज तिने भलतंच काहीतरी पाठवलं, कर्णे आणि झांजा, मी घाबरून कप सांडला. मुद्दाम केलं असणार. मीही मग मयताचा बँड लावला, सगळ्यात लांबलचक होता तो.

मॅनेजर दारात भेटले. चोर सापडला का, विचारलं. मी म्हटलं, सापडला, सध्या नजरकैदेत आहे. बाई, तुम्ही चक्क हसताय, म्हणाले. मी म्हटलं, दाताचं काम चालू आहे.

वन्सं म्हणतात फोन कर. फोन केला की बोलावं लागेल. बोललो की घरावर येऊ.

सोमवार, ४ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. लेखी.

‘विलंबाबद्दल क्षमस्व. आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे. आपल्या खात्यातून अन्य सर्व उपकरणे कायमची काढून टाकण्यात आली असून जुना पासवर्ड रद्द करण्यात आला आहे.’ खाली नवा पासवर्ड ठरवायची जागा.

मी तर त्या तक्रारी मेल्या असंच धरून चालले होते. यंत्राच्या तोंडावर फेकलेले कागद! दोन वर्षांत एकदा कुणी माझं म्हणणं अक्षरशः ऐकलं, ते या लोकांनी.

चार वीस. किचन नाही. पट्टीच नाही.

ती कामावरून आली असेल. चपला न काढता डब्यापाशी गेली असेल. डब्याने सांगितलं असेल – तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे.

मी चालू लाइन तोडली. न विचारता.

मंगळवार, ५ मार्च

मेसेज लिहायला घेतला. ‘गैरसमज नसावा’ – पुसलं. ‘तांत्रिक कारणास्तव’ – पुसलं. तक्रार कशी लिहायची ते शाळेने शिकवलं. हे नाही शिकवलं.

ढोलकंवाली बाई लावली. शेवट आला तशी मागे नेली.

बुधवार, ६ मार्च

सकाळी तिचा मेसेज. दोन वर्षांत पहिला.

“आई, काढलंस मला?”

लगेच उत्तर धाडलं. एका दमात, काही पुसलं नाही. नक्कल इथे ठेवते –

‘तक्रार मी केली होती, तू आहेस हे कळायच्या आधी. काढलं कंपनीने. नवा पासवर्ड फोनवर सांगितला जाणार नाही, तो समक्ष येऊन न्यावा लागेल. घराचा विषय काढायचा नाही, मीही काढणार नाही. गाणं चार वीसला लागतं. येणार की नाही, ते रविवार, १० मार्च, दुपारी बाराच्या आत लेखी कळवावे. – आई’