फिका गुलाबी तसाच ठेवावा

मी, त्रिवेणी एकनाथराव उमरीकर, वय वर्षे बहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार जामबाग, हैदराबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, मोतीबिंदू काढल्यापासून नजरही. कोणाचा दबाव नाही. मी कोणाचे ऐकते असा आरोप माझ्यावर आजवर झालेला नाही.

१. जामबागचा फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित पैशाचा आहे. तो माझी भाची, म्हणजे थोरला भाऊ प्रकाश याची मुलगी मेघना, हिला द्यावा.

२. बँकेतील ठेवींतून अंत्यविधी उरकून उरेल ते मेघनाचा भाऊ कुलदीप याला. मी काढलेला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो त्याने न विचारता मोरपंखी-जांभळा करून इंटरनेटवर टाकला. वर मलाच म्हणाला, "आत्या, इत्ता फिका फोटो कोन बघतंय? लाइक्स नै येत." या पैशांतून त्याने हवे तेवढे रंग घ्यावेत. माझ्या मूळ फोटोंवर मात्र त्याचा कोणताही हक्क राहणार नाही.

३. कॅमेरा, दुर्बीण, स्टँड आणि मूळ फोटोंची हार्ड डिस्क मेघनाला. हे फोटो मी गेल्यावर रंगवले जातील, या धास्तीनेच मी इतकी वर्षे मृत्युपत्र टाळत होते. विकाराबादच्या पुढे, शहराचा उजेड मागे टाकून ते काढले आहेत. एकाच जागेचे बरेच फोटो एकावर एक रचायचे, जरा उजळायचे आणि हात आवरायचा, एवढीच माझी पद्धत. कॅमेऱ्याचा रंग दिवसाच्या उजेडाला जुळवलेला आहे, तो हलवू नये. तेजोमेघ फिका गुलाबी आला तर तो तसाच ठेवावा.

४. कपाटातला माझा गोरा फोटो प्रकाशदादाला परत करावा. माझे लग्न जमेना म्हणून त्याने तो आबिड्सच्या एका स्टुडिओतून उजळून आणला होता. पाहुणे गौलीगुड्याच्या घरी आले. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिले आणि पोहे खाऊन निघून गेले. त्यानंतर मी कोणापुढे बसले नाही. दादाचा हेतू चांगला होता हे कळत होते, तरी राग काही जाईना.

तो राग मागच्या महिन्यात गेला. मेघनाला स्थळासाठी फोटो हवा होता, म्हणून तिच्याबरोबर गेले होते. फोटोवाला म्हणाला, "जरा गोरा कर देतूं मॅडम?" माझ्याच रंगाची ती पोरगी हसून म्हणाली, "नक्को भई. जैसा है वैसाइच देओ." मी तिथेच स्टुलावर बसून रडले. इतके हलके मला कधी वाटले नव्हते. घरी येताना रिक्षातच हे मृत्युपत्र लिहायचे ठरवले.

५. हार घालायचा माझा फोटो मी स्वतः काढून, छापून कपाटात ठेवला आहे. तोच लावावा. कोणी प्रेमापोटीसुद्धा तो उजळ करू नये. रंग खरा आहे की नाही, हे आज मेघनाने खिडकीपाशी, फोटो माझ्या हाताला लावून पाहिले.

जुळतो.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, निवांत मनाने खाली सही करत आहे.

(सही) त्रिवेणी एकनाथराव उमरीकर

त्यांनी आमच्यासमोर सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर:
(सही) अश्विनी चिद्रवार, शेजारीण
(सही) शिवराज मोगलीकर, निवृत्त वकील

स्थळ: जामबाग, हैदराबाद
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५