कव्हराखालचं विमान

बारामती
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

चि. विजयसिंह यास,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. फोनवर विचारलं की तू "बरा हाय" म्हणून विषय मोडतोस. शिवाय फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस, आणि आज मला ते चालणार नाही. म्हणून पत्र.

तू हरलास.

आठवण करून देते. गेल्या महिन्यात डाळिंबं द्यायला आलास, तेव्हा कॉम्प्युटरवरच्या खेळात माझं विमान उतरत होतं. चाकं धावपट्टीला टेकणार, इतक्यात पडदा काळा आणि डबा बंद. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून रोज हेच चाललं होतं. तू पोट धरून हसलास. वर म्हणालास, "आक्का, सत्तरीत कसली विमानं उडवतीस? दिवाळीपर्यंत हे डबडं चाललं न्हाय, तर घराला कुलूप लाव आणि इंदापूरला माडीवर राहायला ये." मी रागाच्या भरात "कबूल" म्हटलं. तुझा ड्रायव्हर सोपान साक्षीला होता, आणि त्याने मान डोलावली ती तुझ्या बाजूने!

दिलेला शब्द मी पाळते, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तू तो घेतलास.

डबा उचलून दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "आजी, घरात कुणाला कळतंय का यातलं?" "मला," मी म्हटलं. तरी तो माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला, कोणी पुरुष येतोय का म्हणून. त्याने डबा सुरू केला. माझं विमान तिथे निमूटपणे दुपारभर उडत राहिलं. "बघा, मशीन ओके हाय. तुमच्या घरचं व्होल्टेज बघा." वीजवाल्यांवर ढकललं की हे मोकळे!

आयुष्यभर मुलींना भौतिकशास्त्र शिकवलं मी. त्याही आधी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घरी आणून इन्व्हर्टरवर चालवलं. बंद. म्हणजे व्होल्टेज निर्दोष. जुनं सॉफ्टवेअर मुळासकट काढून नवं टाकलं. बंद. कार्ड उपसून पुन्हा खाचेत बसवलं, वायरी तपासल्या. बंद. मग कार्डाचं तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला. विमान खाली यायला लागलं की आकडा नव्वदीच्या पुढे, आणि काळोख.

तापत होतं. मग दुकानात का नाही तापलं? तिथे नव्हतं आणि इथे आहे, असं काय?

कव्हर, विजू.

निळं, राघू-मैना भरलेलं, डब्याला वरून आणि मागून टोपीसारखं बसणारं. दुकानात जाताना काढलं होतं, आणि घरी आल्याबरोबर, वायर जोडायच्याही आधी, मीच परत चढवलं होतं. जुन्या कार्डाला ते सोसत होतं. नव्याची गरम हवा बाहेर पडायला वाटच नव्हती.

तुझ्या राजलक्ष्मीने भरलेलं ते शेवटचं. मैनेचा एक डोळा राहून गेलाय. "आक्का, पुढच्या खेपेला आले की करते," म्हणाली होती. ती खेप तिच्या नशिबी नव्हती.

वर्गच्या वर्ग नापास करताना मी कधी अडखळले नाही. त्या दिवशी कव्हर दोनदा अर्धं काढून परत बसवलं. पण काढलं, घडी घातली, बटण दाबलं.

उडालं! आपल्या डोक्यावरून ती शिकाऊ वैमानिक पोरं घिरट्या घालतात ना, तशी मी निघाले, थेट उजनीच्या पाण्यापर्यंत. परत येऊन चाकं टेकवली, आणि पडदा लख्ख! एकटीनेच टाळ्या वाजवल्या. दुकानदाराला फोन लावला. "आयला, कव्हर व्हय! आजी, हे आमच्या डोक्यातच आलं न्हाय." म्हटलं, "डोक्यावरचं कव्हर काढून बघ, येईल."

तेव्हापासून रोज उडते आहे. एकदाही बंद पडलेलं नाही. सोपानलाही सांग.

त्या पहिल्या दिवशी उजनीहून परत येताना तुझ्या मळ्यावरून दोन घिरट्या घातल्या. जुन्या कार्डावर इंदापूर म्हणजे नुसता हिरवा डाग दिसायचा. आता घराचं छप्पर दिसतं. वरून फार मोठं दिसतं रे ते, एका माणसाला.

मला जमत नाही म्हणून तू माडी देत नव्हतास. सरळ सांगितलं असतंस तर मी भांडले नसते. बरं, थोडं भांडले असते.

मी जिंकले तर काय, हे आपण ठरवलंच नव्हतं. आता मी एकटीच ठरवते. कुलूप माझ्या घराला लागणार नाही. तुझ्या घराला लागेल, चार-आठ दिवस. भाऊबीजेला ये. यंदा सण नाही, ओवाळणार नाही. नुसता ये. विमान तुला उतरवायला देईन, आणि तू ते उसात घालशील याची मला खात्री आहे.

येताना राजलक्ष्मीच्या शिवणाच्या डब्यातला काळा रेशमी दोरा आण. मैनेचा डोळा मी भरते. माझ्या टाक्यांना हसायचं नाही.

माझ्याच घरातून,
तुझी
आक्का