कुरकुरीची फाइल

७ जानेवारी, रविवार

मुलीने पहिल्या पगारातून दोन सायकली घेतल्या. एक मला, एक हिला. दर रविवारी सकाळी आईबाबांनी जोडीने निघायचं आणि गावाबाहेर नवीन तळं केलंय तिथवर जाऊन यायचं, अशी ऑर्डर सोडून स्वतः नोकरीच्या गावी परत गेली. घरात आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही असा तिचा गैरसमज आहे. बोलतो की. कालच मी हिला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

संध्याकाळी गल्लीत एक चक्कर मारली. तीन दोष सापडले. एक, उजवं पॅडल खाली गेलं की कुरकुर. दोन, घंटी ट्रिंग म्हणत नाही, टर्र म्हणते. तीन, मागचा ब्रेक घासतो.

ही म्हणाली, दुकान चौकातच आहे, आत्ता नेऊन दाखवू. बायकांना पद्धत म्हणून काही कळत नाही. तोंडी तक्रारीला काडीची किंमत नसते. एकवीस वर्षं नगरपालिकेच्या ऑफिसात तक्रार विभाग सांभाळतोय, मला माहीत. सहा महिन्यांची वॉरंटी आहे, सात जुलैपर्यंत. लेखीच देणार, आणि अशी देणार की दुकानदाराने जन्मभर नाव काढलं पाहिजे.

तोवर सायकलला हात लावायचा नाही. पुरावा आहे तो. जिन्याखाली उभी करून जुनी फुलाफुलांची चादर घातली.

१० जानेवारी

मसुदा क्रमांक १. 'सविनय' लिहिलं, खोडलं. विनय कशाला? चूक त्यांची.

१४ जानेवारी, रविवार. सकाळी ६

ही बूट घालून दारात. विचारलं, येताय का? म्हटलं, प्रकरण चालू आहे, अशा वेळी वस्तू वापरली तर केस ढिली पडते. एकटी गेली. तासाभराने गुणगुणत आली. सुरात नव्हती.

२३ जानेवारी

गंभीर प्रकार. चादर उलटी! फुलांची बाजू आत. मांजर, नाहीतर वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर. मास्तरांना दुसऱ्याच्या वस्तू चाचपायची खोड आहे. मुद्दा क्रमांक ४ वाढवला : अज्ञात इसमाकडून छेडछाड.

लिहीत असतानाच ही आली आणि म्हणाली, अहो, त्या सायकलचं सांगायचं होतं. म्हटलं, मध्ये बोलू नकोस, मुद्दा सुटतो. तशीच परत गेली. मुद्दा तरीही सुटलाच.

११ फेब्रुवारी, रविवार

येताय का? नाही.

मसुदा क्रमांक ३ नियमाप्रमाणे तपासला. बिलाची प्रत जोडलेली नाही. असा अर्ज दुसऱ्या कुणाचा असता तर मी परत पाठवला असता. नियम सगळ्यांना सारखा. स्वतःचा अर्ज स्वतःला परत केला. अशी माणसं आता राहिली नाहीत.

बिलासाठी मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, अरे नुसतं जाऊन सांग ना त्यांना. मग विचारलं, तळ्यावर गेलात का दोघं? म्हटलं, आई जाते. त्यावर फोनच कट झाला. तिकडे नेटवर्कचा आनंदच आहे.

२ मार्च

ऑफिसात एक म्हातारी बाई आज तिसऱ्यांदा आली. तिच्या घरासमोरचं गटार तुंबलंय. म्हणाली, साहेब, एकदा येऊन बघा तरी. म्हटलं, आजी, परिशिष्ट ब जोडा, मग बघू. लोकांना धीर म्हणून नाही.

१८ मार्च, रविवार

येताय का? नाही.

सायकल दुकानातला मिस्त्री रविवारी सात-आठ जणांना घेऊन तळ्यावर जातो. आमची ही आता त्यांच्यात. हाताला ग्रीस लावून घरी येते. चेन स्वतः चढवते म्हणे. तळ्यावर काय काय दिसतं ते शेजारणीला सांगत होती, लांब चोचीचे पांढरे पक्षी वगैरे. मला भिंतीआडून ऐकावं लागलं. मला सांगितलं असतं तर मी काय कान झाकून बसलो असतो? पण नाही. ज्याच्यावर आपली केस आहे त्याच्याच कळपात जायचं. घर फिरलं की असं होतं.

१९ एप्रिल

दुकानात फोन केला. मिस्त्रीनेच उचलला. शांतपणे म्हणाला, बोला, कुठली सायकल? लगेच ठेवून दिला. आपले पत्ते आधीच दाखवायचे नसतात.

६ मे, रविवार

येताय का? ह्या वेळी मोज्याकडे बघत विचारलं, माझ्याकडे नाही. नाही म्हणालो.

मसुदा ७. शब्दावर अडलोय. 'कुरकुर' की 'करकर'? नवी चप्पल वाजते ती करकर. कुरकुर बारीक असते, सतत असते, दुर्लक्ष करावं म्हटलं तर होत नाही. खात्री करायला पॅडल फिरवून ऐकता आलं असतं, पण पुराव्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. हिला विचारलं, कुरकुर म्हणजे नेमका कसा आवाज गं? माझ्याकडे बघत राहिली आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसण्यासारखं काय होतं? डोळे पुसून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

१० जून, रविवार

हिने विचारलं नाही. विसरली असणार. वय झालं.

१७ जून, रविवार

आज मुद्दाम पावणेसहालाच बूट घालून दाराजवळ चहा घेऊन बसलो. आज विचारलंच असतं तर विचार केला असता, आपलं मन काही दगडाचं नाही. ही आपली सायकल बाहेर काढता काढता म्हणाली, पाय जरा आत घ्या, चाक लागेल.

घेतले.

२४ जून, रविवार

नाही विचारलं. मीही बूट घातले नव्हते. चप्पल घातली होती.

७ जुलै, शनिवार

वॉरंटीचा शेवटचा दिवस. अर्धी रजा टाकली. अकरा पानं, सात परिशिष्टं, तीन प्रती. हातात फाइल असली की माणूस ताठ चालतो.

दुकानात मिस्त्री एकटाच होता. हात पुसले, फाइल घेतली, उघडलीच नाही. माझं नाव विचारलं आणि फळीवरची तेलकट वही काढून पानं उलटली. मग वही माझ्यासमोर फिरवली.

२२ जानेवारी. पॅडलची कुरकुर, घंटी, मागचा ब्रेक. तिन्ही दुरुस्त. गाडी मिळाली. खाली हिची सही.

वहिनी हातात धरून चालत घेऊन आल्या होत्या, म्हणाला. दहा मिनिटांचं काम होतं. मग अगदी काळजीने विचारलं, का हो, परत कुरकुरायला लागली का?

 सवयीने म्हटलं, अर्जाची पोच द्या. त्याच्याकडे शिक्का नव्हता. परत देताना फाइलवर त्याचा काळा अंगठा उमटला, तीच पोच.

घरी आलो तर ही गॅलरीत कपडे वाळत घालत होती. संतापून विचारलं, साडेपाच महिने सायकल धडधाकट होती, मला सांगितलं का नाही? म्हणाली, सांगायला आले होते, तर तुमचा मुद्दा सुटत होता. म्हटलं, नंतर सांगायचंस. दर रविवारी दारात उभी राहत होतीस की! चिमटा लावायची थांबली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाली, "दर रविवारी तेच तर बघत होते. तुम्ही खरंच सायकलमुळे येत नाही, का माझ्याबरोबर यायचं नाही म्हणून येत नाही. जूनमध्ये कळलं. मग विचारणं बंद केलं."

मी म्हणालो, मला न विचारता सायकल दुकानात नेलीस हेच मुळात नियमबाह्य आहे.  तिने उरलेले कपडे वाळत घातले, माझा शर्टसुद्धा.

८ जुलै, रविवार

सहाला तयार होऊन खाली आलो. ही साडेपाचलाच गेलेली.

चादर काढली. हवा कमी होती, भरली. बसलो. पॅडल कुरकुरत नाही. ब्रेक नीट आहे. गल्लीत कुणी नव्हतं तरी घंटी वाजवली. ट्रिंग म्हणाली.

चौकापर्यंत गेलो. तिथून तळ्याला डावीकडे जायचं की उजवीकडे, ते मला माहीत नाही. सहा महिन्यांत विचारलंच नाही. थोडा वेळ पाय टेकून उभा राहिलो आणि परत आलो.

चादर घातली. फुलांची बाजू वर.