अक्षयमध्ये सेव्हचं बटण नाही

३ जून, सकाळी ६.१०
रिटायर होऊन दोन महिने झाले. आजपासून अक्षयचं काम. अक्षय म्हणजे माझी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात फाइल नाही, सेव्ह नाही. जे लिहिलं ते कायमचं आत, लाइट गेली तरी. जग पन्नास वर्षं सेव्ह दाबत बसलंय. दिवाळीपर्यंत मी हा प्रश्न सोडवतो.

२१ जुलै
लाइट गेली, आली. अक्षय जिथल्या तिथे, कर्सर अर्ध्या शब्दावर. कल्पनाला हाक मारली. ती म्हणाली, गॅसवर दूध आहे. बायकोला विज्ञानाची आवड नाही.

९ ऑगस्ट
अक्का, माझी थोरली बहीण, उज्जैनला, नानाखेड्यात आमच्याकडेच असते. विसरायला लागली आहे. डॉक्टर म्हणाले, आठवतंय तोवर लिहून घ्या. आईची बावीस गाणी आता फक्त तिलाच येतात. मला धडकी भरली. कल्पना वही आणायला निघाली होती. मी अडवलं. वही भिजते, वाळवी खाते. अक्षय आहे ना.

३० ऑगस्ट
बावीसही गाणी आत. अक्का गाते, मी टायपतो. मध्येच रडते, काम रखडतं. तिचा मुलगा रुचिर फोनवर म्हणाला, मामा, बॅकअप? जे मरतच नाही त्याचा विमा कोण काढतं.

११ सप्टेंबर
अक्षय हँग. बंद करून चालू केला. इतका इमानदार की हँग अवस्थाही जशीच्या तशी परत आणली. चार वेळा. याला दोष नाही, निष्ठा म्हणतात. कोडच्या सोळा ओळी बदलल्यावर सुटला.

१४ सप्टेंबर
कमांड मराठी केल्या. लिही, दाखव, पूस. इंग्रजीची गुलामी खतम. आता अक्कासुद्धा चालवेल.

१७ सप्टेंबर, दुपारी ४
मी टावर चौकात कचोरी खात होतो. इकडे अक्काला एक गाणं आठवेना. मशीनला पुसावं म्हणाली. उज्जैनला आमच्या घरात विचारण्याला पुसणंच म्हणतात, मीही म्हणतो. तिनं 'पूस' लिहिलं. अक्षयनं विचारलं, सगळं? तिनं 'हो' लिहिलं.

४.४०
आठ वेळा चालू करून पाहिला. दर वेळी रिकामा. पुसल्याचंही त्यानं कायमचं लक्षात ठेवलं आहे. सिस्टिम निर्दोष. दोष मराठी भाषेचा.

५.१५
मराठीचा नाही. माझा.

१८ सप्टेंबर
कल्पनानं वही पुढ्यात ठेवली. अक्का गायला बसली. दोन ओळी झाल्या आणि थांबली.
"पुढचं तू सांग, श्रीकांत. तीन हफ्ते तुलाच तर गाऊन दाखवत होते."
मला एक शब्द आठवेना. तीन आठवडे माझं लक्ष स्क्रीनवर होतं.