शाळेचं वय साडेतीन करा!

३ जून १९९६, सकाळी ८

रातपाळीवरून आलो. लूमचा खडखडाट अजून कानात. आडवा होतो तोच आमच्या पोरीनं, चंचलनं, ताटावर चमचा बडवायला सुरुवात केली. शी! हा देश पुढे जाणं शक्य नाही. चांगली हिंडती-फिरती मुलगी दिवसभर घरात ताट बडवते आणि शाळा म्हणते, पाच पूर्ण झाल्यावर आणा. तोपर्यंत राष्ट्राचं नुकसान कोण भरणार?

ठराव : सक्तीनं शाळेत घालायचं वय कमी व्हावं म्हणून चळवळ उभारणे. किती कमी, यावर शास्त्रीय विचार केला. साडेतीन. चंचल परवाच साडेतीनची झाली, हा योगायोग. माझ्या झोपेचा तर यात संबंधच नाही.

४ जून

डिंडोलीच्या चहाच्या लारीवर विषय मांडला. शेजारचा सुकलाल म्हणाला, साडेतीन कशाला, बाळंतपणच शाळेत करा ना! सगळे हसले. लोकांची लायकीच नाही. अर्जावर सह्या दोन. एक माझी. दुसरा सुकलालचा अंगठा. दहावी पास आहे मेला, मुद्दाम अंगठा उमटवला.

१० जून

चळवळ तूर्त बाजूला. आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात. या गुजराती मुलखातल्या आमच्या मराठी शाळेत गेलो. तिथल्या सरलाबाईंनी जन्मदाखला मागितला. चंचल गावी, घरातच जन्मली, दाखला कुठला? पाच पूर्ण आहेत, असं ठोकून दिलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगा. चंचलचा हात वेणीपाशीच अडला.

एका मुलीचं भवितव्य कानावर ठरवतात! किळस आली.

१२ जून

हात लांब करण्याचा कार्यक्रम. तेल लावून ओढणे, रोज दुपारी. चंचलला वाटतं खेळ आहे. किंचाळते, खिदळते, पुन्हा हात पुढे करते. झोप शून्य. रात्री लूमवर डुलकी लागली, धागे तुटले, मुकादमानं सगळ्यांसमोर आईवरून शिव्या दिल्या. शिक्षणासाठी त्याग करावाच लागतो.

बायको, शोभा, म्हणते, पोरगी अजून झोपेत अंथरूण ओलं करते. बायकांना दूरदृष्टी नसते.

१५ जून

उपाय सापडला. इतका सोपा की स्वतःचंच कौतुक वाटलं. हात वाढत नसेल, तर डोकं कमी करायचं. नुसत्या केसांनीच दोन बोटं उंची वाढते!

शोभा बमरोलीला बहिणीकडे गेली होती. चंचलला न्हाव्याकडे नेलं. पूर्ण गोटा.

संध्याकाळी शोभा दारातच मटकन बसली. म्हणाली, ‘‘काय कयं हाई? तुमनं डोकं फिरनं का?’’ मग पोरीला पोटाशी धरून रडली. मी शांतपणे समजावलं. लाटणं लागलं.

१७ जून

पुन्हा शाळा. हात अजूनही पोचत नाही. फरक एवढाच, की आता कान स्पष्ट दिसतो आणि तो किती लांब आहे तेही. सरलाबाई बराच वेळ पोरीच्या डोक्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, हिला खेळू द्या हो. आणि तुम्ही जरा झोपत जा.

सगळ्या शहरात हेच. कुणाला तळमळ नाही.

२१ जून, दुपारी

पूर्वी चंचल निम्मा दिवस गल्लीत तरी खेळायची. आता पोरं ‘टकली, टकली’ करून मागे लागतात, म्हणून ती उंबरा ओलांडत नाही. शोभानं साड्यांचे धागे कापायचं काम धरलंय, बाजूच्या चाळीत. जाताना म्हणाली, ‘‘तुम्हीच गोटा कया ना, तुम्हीच संभाळा.’’

चंचल दिवसभर माझ्या उशाशी बसून असते. डोळा लागला की उठवते, माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवते आणि गल्लीतल्या गुजरातीत विचारते, ‘‘पप्पा, वाळ आव्या?’’ केस आले, म्हणतो. मग आरशात बघते आणि माझ्याकडे अशी बघते की कूस बदलावी लागते.

शाळेचं वय काय ते सरकारनं ठरवावं. मला आता केस किती दिवसांत वाढतात, एवढंच कुणीतरी सांगा.