विटाळलेला फोन

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी खरं बोलायला हरकत नाही. तुमच्या तेराव्याला देवासची अर्धी मराठी मंडळी आली होती. जेवणं उरकली आणि सगळे मंडळाच्या हॉलच्या भिंतीला लागून उभे राहिले, कारण वायफाय तिथंच चांगलं पकडायचं. तुमच्या फोटोकडे पाठ करून फोन चाळत होते. मला हसू आलं. रडू काही आलं नाही.

ते वायफाय तुम्हीच आणलेलं, हे मी नाकारत नाही. शहरभर फुकट इंटरनेटची योजना निघाली तेव्हा नगरसेवकाच्या दारात बसून बसून तुम्ही टेकरीखालच्या आपल्या गल्लीसाठी डबा मिळवलात आणि हॉलच्या गच्चीवर लावून घेतलात. "गरिबाच्या पोरांनी काय म्हणून मागं राहावं?" असं भाषण ठोकलंत, पेपरात फोटो आला. लोक म्हणायचे, "नाना, तुम्ही तर कमाल केली भिया." पण पासवर्ड काही तुम्ही कोणाला सांगितला नाहीत. दर चतुर्थीला बदलायचात आणि आरती झाली की एकेकाचा फोन हातात घेऊन नवा पासवर्ड स्वतः टाकून द्यायचात. आरतीला आला नाही, त्याला नेट नाही. पोरं मराठी विसरत चाललीत, या निमित्तानं आरती तरी म्हणतील, असं तुमचं म्हणणं.

त्या चतुर्थीला मी बाजूला बसलेय. मागच्या खोलीत, वेगळं ताट, वेगळी सतरंजी. नर्सिंग कॉलेजच्या फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपतेय आणि तो ऑनलाइनच भरायचाय. फोनमध्ये रिचार्ज नाही, आणि त्या दिवसांत उंबरा ओलांडायचा नाही, म्हणजे सायबर कॅफेही नाही. शेवटी आई माझा फोन पदरात गुंडाळून आरतीला जाते. परत येते तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालेलं असतं. तुम्ही चारचौघांत विचारलंत, "तिच्या हातातलाच ना हा? मी नाही शिवणार." आई म्हणाली, "अहो, पोरीचं वर्ष जाईल." तुम्ही पुढच्याचा फोन घेतलात. म्हणालात, "जाऊ दे. एका वर्षानं काही आभाळ कोसळत नाही."

वर्ष नाही गेलं नाना, सगळंच गेलं. पुढचे फॉर्म निघायच्या आत तुम्ही मला बागलीच्या किराणा दुकानदाराला देऊन मोकळे झालात. सासूबाईंना रोज साखरेचं इंजेक्शन मी टोचायचे, तेवढंच माझं नर्सिंग. तुमच्या शेवटच्या आजारात ती इंदूरची नर्स तुमचं अंग पुसायची, तेव्हा तिला विचारलंत का हो, बाई, आज तू बाजूला बसायची तर नाहीस ना? लोक अजून म्हणतात, नानांनी गल्ली पुढं नेली. नेली असेल. मला मागच्या खोलीत ठेवून नेली.

सासूबाई गेल्यावर आम्ही देवासला आलो. आता पुन्हा फुकट इंटरनेटची नवी योजना आलीय, पासवर्ड सांभाळायला प्रत्येक मोहल्ल्याला एक प्रमुख. मंडळातले म्हणाले, "नानांची मुलगी आहे ना," आणि मला तुमच्या जागी बसवलं. मी हो म्हटलं ते एवढ्याचसाठी, की पासवर्ड हॉलच्या भिंतीवर ठळक रंगवून टाकायचा, येईल त्यानं वाचावा. रंग आणून ठेवलाय. अजून रंगवलं नाही.

काल मागच्या वस्तीतली एक बाई दारात आली. मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. "दीदी, जरा चालू कर दो ना." मी म्हटलं, "रुको, चाय पी लूँ." चहा केव्हाच संपला होता. रिकामा कप हातात धरून मी बसून राहिले, आणि ती उन्हात फोन घेऊन उभी. मग तिच्या हातातून फोन घेतला आणि पासवर्ड मीच टाकून दिला. ती वाकून पाया पडली. मला ते आवडलं, नाना. फार आवडलं.

हे पत्र पितृपक्षात तुमच्या पानाशेजारी ठेवणार होते. नाही ठेवत. कालचं वाचून तुम्ही खूश व्हाल.