फायनलच्या दिवशी लावलेलं लग्न

११ मार्च २००३

गिरजाबाई आली होती. डॉक्टरने खाटेवरून उठू नका म्हणून सांगितलंय, तरी आलापल्लीहून बल्लारपूरपर्यंत एसटीत बसून आली! ओट्यावर टेकली, पाणी प्याली, आणि एकदम — "सोमा, माह्या रत्नमालाचं लगन लाव."

मी खूश झालो. तिची पोरगी, चाळिशीला आली. सरकारी नर्स आहे, कोणी भेटला असेल. विचारलं, नवरदेव कुठला?

"नवरदेव नाई. सुकरी हाये."

सुकरी आत्राम. तिच्याच दवाखान्यातली दुसरी नर्स. दोघी कित्येक वर्षांपासून एकाच क्वार्टरात राहतात हे मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. राहा ना बापा, कोण अडवतो! पण त्याला लग्न म्हणायचं, आणि ते मी लावायचं?

म्हटलं, बाई, हे धम्मात बसत नाही. तर म्हणते, "बावीस प्रतिज्ञा मीच तुले पाठ करून देल्या. त्यात कुठी मना केलं, दाखव." दाखवता आलं नाही. ही बाई म्हणजे! मी शेंबडा पोरगा होतो तेव्हा हिनेच मला वंदना शिकवली. आज बौद्धाचार्य म्हणून मिरवतो, वार्डातली सगळी लग्नं लावतो, ते हिच्यामुळे. मला तिच्या शब्दाबाहेर जाता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. वरून पोटातली गाठ दाखवली. "माह्या डोळ्यादेखत होऊ दे, सोमा. मंग मी जातो."

हो म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

१२ मार्च

कलाला अजून सांगितलं नाही. हिंमत होत नाही.

१६ मार्च

सांगावं लागलं. कला भाजी निवडत होती, तिने ताटच भिरकावलं. बायको म्हणून तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या पोरीचं, संघप्रियाचं आता कुठे जमलंय — कोरपन्याच्या दुर्ग्यांच्या घरी. पोरगा सिमेंट कारखान्यात केमिस्ट, एकुलता एक, हुंडा नको म्हणतात. अकरा मे तारीख धरली आहे. असं स्थळ परत चालून येत नसतं. "तुमी दोन बायांचं लगन लावान, अन् माही पोट्टी जलमभर घरी बसल!"

म्हटलं, कोरपन्याला सांगायला कोण जातं? गिरजाबाईने तारीखही तशीच काढली आहे. तेवीस, क्रिकेटची फायनल. "सारे टीव्हीले चिकटून राह्यतीन. कुत्रंबी दारात येनार नाई." मरायला टेकली, पण डोकं कसं चालतं पाहा.

संघप्रिया दारात उभी होती. म्हणे, "बाबा, मले तुमाले काई सांगायचं हाये." म्हटलं, तुझ्याचसाठी तर मरून राह्यलो! जा, चहा टाक. गेली आत. संध्याकाळी पत्रिका छापायला देऊन आलो.

१९ मार्च

रस्त्यात अलोणे मास्तर भेटले, विहार कमिटीचे अध्यक्ष. कुठून कळलं कोण जाणे! "सोमाजीभाऊ, आयकलं ते खरं हाये का? समाज तोंडात शेण घालन तुमच्या." आणि हसले. त्यांचं ते हसणं मला कधीच आवडलं नाही.

त्यांच्या भाच्याने हुंड्याची मोटारसायकल हार घालून मांडवात उभी केली होती. तेव्हा कुठे गेला होता समाज? मी माइक खाली ठेवला होता त्या लग्नात. म्हटलं, आधी ही बाहेर न्या, मग प्रतिज्ञा. तेव्हापासून मास्तर डाव धरून आहेत.

२३ मार्च

झालं. लिहून ठेवतो, कोणाला सांगता तर येणार नाही.

कला आली नाही. संघप्रिया म्हणाली, मी येतो, फुलं कोण धरन? आलापल्लीची बस रिकामी. कंडक्टरच्या कानाला रेडिओ. क्वार्टरच्या मागच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. दोघी पांढऱ्या साड्यांत. गिरजाबाई खाटेवर. खिडक्या लावलेल्या, आणि शेजारच्या घरातून टीव्हीचा कल्ला. आम्ही पाचच माणसं.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. लग्नाच्या प्रतिज्ञा आल्या, आणि गाडं अडलं! नवऱ्याच्या पाच वेगळ्या, बायकोच्या पाच वेगळ्या. एवढी लग्नं लावली, कोणत्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न कधी आलाच नव्हता. येताना बसमध्येही सुचलं नाही. लाज वाटली, म्हणून चिडलो. फाडकन विचारलं — तुमच्यात नवरा कोण?

रत्नमाला म्हणाली, "भाऊ, आमच्यात असं काई नाई." सुकरीने मान खाली घातली. मला वाटलं, चला, अडलं, सुटलो! खरंच असं वाटलं, खोटं काऊन लिहू?

गिरजाबाई खाटेवरून ओरडली, "अरे दाही दे ना दोघीहीले! जड होते काय?"

दिल्या. दहाच्या दहा, दोघींना. 'मी हिचा अपमान करणार नाही' हे सुकरीने न सांगता दोनदा म्हटलं. 'घराचा कारभार हिच्या हाती देईन' असं रत्नमाला म्हणाली, तर सुकरी पटकन — "चाब्या तं माह्याचपाशी हायेत!" सगळे हसले. संघप्रिया ओढणीत तोंड खुपसून हसत होती. घरी तिला असं हसताना मी पाहिलेलं नाही.

बाकीच्या लग्नात मी प्रतिज्ञा सांगतो तेव्हा नवरदेव फोटोवाल्याकडे पाहत असतो. नवरी पुटपुटते, तिची आत्या म्हणते — आटपा जी, जेवणं थंडी होऊन राह्यली. इथे दोघी एकेक शब्द ऐकून मग म्हणत होत्या. मला रागच आला. मोटारसायकलवाल्याला बँडबाजा, आणि यांनी खिडक्या लावून घ्यायच्या!

जयमंगल गाथा म्हटल्या. फुलं दोन्ही बाजूंनी संघप्रियानेच उधळली. गिरजाबाई रडली वगैरे नाही. म्हणाली, "आता वाढा." वरण-भात, वांग्याची भाजी, शेवया. परतीच्या बसला स्टँडवर आलो तर मॅच हातची गेलेली. माणसं सुतक असल्यासारखी बसली होती. बरंच झालं, आमच्याकडे कोणी पाहिलं नाही.

२४ मार्च

काही झालं नाही. कोणी काही बोललं नाही. कला मात्र ताट आपटून वाढते.

३१ मार्च

मोडलं!

दुर्गे स्वतः आले कोरपन्याहून. चहाला हात लावला नाही. "तुमी केलं ते तुमच्यापाशी, भाऊ. आमच्या घरी हे चालत नाई." कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर उठून चालायलाच लागले. पत्रिकांचा गठ्ठा अजून सोडलाही नव्हता. कला भिंतीला टेकून बसून राहिली. संघप्रिया आतच होती. तिच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

कोणी सांगितलं, यात विचारायचं काय! अलोणे.

पोटच्या पोरीचं वाटोळं केलं मी. एका म्हातारीच्या हट्टापायी! आणि त्या दोघी तिथे सुखाने भाकरी खात असतील. खा बायांनो, माझ्या पोरीच्या जिवावर खा!

६ एप्रिल

रविवारची वंदना संपली आणि विहारात सगळ्यांदेखत अलोणे मास्तरांची कॉलर धरली. चुगलखोर म्हटलं. माह्या पोरीचं घर मोडलं म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही. ते एकच घोकत होते — "मी कोणालेच नाई सांगतलं, भाऊ. मायची आन." खोटारडा! ओढाताणीत त्यांचा चष्मा पडून फुटला. लोकांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. मला, ज्याने त्यांच्या पोरापोरींची लग्नं लावली!

वाईट वाटत नाही. अजिबात नाही.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक घरासमोरून गेली. दार लावून बसलो. यंदा वंदना घ्यायला राजुऱ्याहून दुसरे आचार्य आणले. मे महिन्यातली माझ्याकडची लग्नंही त्यांच्याकडेच गेली. त्यातल्या साखऱ्यांचं पोट्टं निरोप घेऊन आलं होतं, "तुमी राग नका मानजा." राग! राग सोडून दुसरं काय उरलंय माझ्याजवळ?

२० एप्रिल

गिरजाबाई गेली. फोन सुकरीचा होता. रत्नमाला म्हातारीच्या उशाजवळून उठत नव्हती म्हणे.

मी गेलो नाही. संघप्रिया मला न विचारता आलापल्लीच्या बसमध्ये बसली.

२२ एप्रिल

संघप्रिया आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "अलोणे काकाहीनं नाई सांगतलं, बाबा. कोरपन्याले मीच फोन केल्ता, एसटीडीवरून. म्हटलं, माह्या बाबानं दोन बायांचं लगन लावलं, चालते का तुमाले? नाई म्हणले. मले त्या घरी जायचंच नव्हतं."

म्हटलं, मग मला सांगायचं होतं ना!

"तुमाले सांगाले भेव वाटे. त्याहीले सांगणं सोपं होतं."